‘धंदा रक्तातच असावा लागतो’ असे सांगणाऱ्या दिरांना काय उत्तर द्यावे?

वाचकाचे पत्र

मी भांडुपला राहते, वय ३३. एका खासगी कंपनीत लेखा विभागात नोकरी करते आणि गेली काही वर्षे संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी घरी ब्लाउज शिवून देते. गौरी-गणपतीपासून लग्नसराईपर्यंत इतके काम येते की बरेचसे परत पाठवावे लागते. स्टेशनजवळ एक लहान गाळा भाड्याने मिळतो आहे. दोन शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक घ्यावे, मदतीला एखादी बाई ठेवावी आणि नोकरी सोडावी, असे मनात आहे. घरातून मात्र विरोध आहे. मोठे दीर म्हणतात की धंदा रक्तात असावा लागतो, बायकांच्या रक्तात तो नसतो आणि मराठी माणसाच्या तर नसतोच. जुळ्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनीच हे सिद्ध केले आहे, असा एक लेखही त्यांनी मला मोबाइलवर पाठवला. माझ्या माहेरी खरेच कोणी धंदा केलेला नाही. आजी लालबागच्या चाळीत गिरणी कामगारांना जेवण घालायची, पण संपानंतर तेही बंद झाले. मागे बचत गटातून मशीनसाठी कर्ज काढले होते, ते यजमानांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माल भरण्यात गेले. मुलगी पाच वर्षांची आहे, दुसऱ्या मुलाचाही विचार आहे. माझ्या स्वभावातच काही कमी आहे का? आणि करायचेच ठरले तर करार व नोंदणी यजमानांच्या नावाने करावी असे दीर सुचवतात, ते योग्य होईल का?

– एक वाचक, भांडुप

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शास्त्राविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे; परंतु त्याआधी तुमच्याच एका वाक्याकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. माहेरी कोणी धंदा केलेला नाही असे तुम्ही लिहिता आणि लगेच पुढे आजी गिरणी कामगारांना जेवण घालायची असेही लिहिता. लालबाग-परळच्या चाळींत खाणावळ चालवणाऱ्या बाईला काय काय करावे लागत असे, ते जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. वाण्याकडून महिन्याच्या उधारीवर धान्य उचलायचे, पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा पहाटे तयार ठेवायचा, रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी सकाळी ताट मांडायचे, कोणाचे किती खाडे झाले ते लक्षात ठेवून पगाराच्या दिवशी पैसे मागून घ्यायचे, एखादा कामगार गावी गेला आणि परतलाच नाही तर तो तोटा सोसायचा, आणि एवढे करून वाण्याचे देणे वेळेवर भागवायचे. भांडवल, उधारी, वसुली, जोखीम, गिऱ्हाईक राखणे हे सगळे त्यात होते. सावकाराच्या चढ्या व्याजाखाली पिचलेल्या या खाणावळवाल्या बायकांसाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि ज्यांच्याकडे तारण द्यायला काही नव्हते त्यांना गट करून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवले. १९८२ च्या संपाने गिरणगावातले गिऱ्हाईकच नाहीसे झाले आणि तुमच्या आजींचे काम थांबले. त्याच सुमारास आणि त्यानंतर कित्येक गिरण्याही बंद पडल्या. पण म्हणून गिरणीमालकांच्या अंगी धंदा नव्हता असे कोणी म्हणत नाही.

बाईच्या वाट्याला संस्कृती ज्या मार्गांनी येते त्यांपैकी हा पहिला आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मार्ग आहे. तिने केलेला व्यवहार ‘घराला हातभार’ या नावाखाली जमा होतो आणि दोन पिढ्यांनंतर नात लिहिते की आमच्याकडे कोणी धंदा केला नाही. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापड उभा राहिला, ही गोष्ट मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. पण त्या सात जणी आणि तुमच्या आजी यांच्यात रक्ताचा फरक होता असे मानायला काहीही आधार नाही. फरक होता तो एवढाच की एका ठिकाणी कामाला संस्थेचे नाव, वही आणि सभासदत्व मिळाले आणि दुसऱ्या ठिकाणी ते एका खोलीत सुरू होऊन त्याच खोलीत संपले. मराठी माणसाच्या रक्तात धंदा नसतो, या विधानाची दखल मी याहून अधिक घेत नाही. तुमच्या आजींची खाणावळ हेच त्याला पुरेसे उत्तर आहे.

आता जुळ्यांच्या अभ्यासाविषयी. दिरांनी पाठवलेला लेख माझ्यासमोर नाही, परंतु ज्या संशोधनाच्या आधारे असे लेख लिहिले जातात ते सर्वांना उपलब्ध आहे. त्याची पद्धत अशी असते: एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, दोन बीजांपासून जन्मलेल्या जुळ्यांत मात्र सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते, आणि दोन्ही प्रकारची जुळी भावंडे वाढतात एकाच घरात. त्यामुळे एखाद्या बाबतीत पहिल्या प्रकारच्या जोड्यांत दुसऱ्या प्रकारापेक्षा अधिक साम्य आढळले, तर त्या बाबतीत आनुवंशिकतेचा वाटा आहे असे अनुमान काढले जाते. २००८ मध्ये ब्रिटनमधील ८७० एकबीज आणि ८५७ द्विबीज जोड्यांवर असा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि स्वतंत्र व्यवसाय करण्याच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असल्याचे त्यात म्हटले होते. एवढ्यावर थांबले तर दिरांचे म्हणणे खरे वाटू शकते. परंतु पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, स्वीडनमधील जुळ्यांवरचा जो अभ्यास आला त्यात स्त्रिया आणि पुरुष यांचा वेगवेगळा विचार केला होता, आणि त्याचा निष्कर्ष दिरांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. उद्योजक होण्याच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा प्रभाव तेथे स्त्रियांच्या बाबतीत ठळक आढळला आणि पुरुषांच्या बाबतीत तो शून्य निघाला. पुरुषांवर प्रभाव होता तो ज्या घरात ते वाढले त्या घराचा. म्हणजे ‘रक्तात असते’ हे वाक्य त्या अभ्यासापुरते कोणाविषयी बोलता आले असते, तर ते बायकांविषयी.

तरीही हा निष्कर्ष उचलून तुम्ही दिरांच्या पुढे ठेवावा असे मी सुचवणार नाही, कारण तो आकडा जे सांगतो ते आपल्याला वाटते त्याहून वेगळे आहे. आनुवंशिकतेचा वाटा म्हणजे एका विशिष्ट समाजात, एका विशिष्ट काळी, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यापैकी किती फरक जनुकांतील फरकांशी जोडता येतो याचा अंदाज असतो. तो एका व्यक्तीविषयी काहीच सांगत नाही, आणि समाज बदलला की तोही बदलतो. एकच देश, एकच कायदा, एकाच घरात वाढलेली भावंडे, आणि तरीही बायकांसाठी एक उत्तर व पुरुषांसाठी दुसरे, यावरूनच लक्षात यावे की या आकड्यांत शरीराइतकाच समाजही मोजला जात असतो. माझा स्वतःचा कयास असा आहे की मुलाला घरातून, वडिलांच्या दुकानातून, काकांच्या ओळखीतून वाट मिळते, म्हणून त्याच्या बाबतीत घर निर्णायक ठरते. मुलीला तशी वाट क्वचित मिळते, म्हणून मुलींपैकी जिचा स्वभाव मुळातच चार माणसांत मिसळण्याचा आणि सहजासहजी न घाबरण्याचा असतो तीच पुढे जाते आणि आकडेवारीत तो स्वभाव जनुकांच्या खाती जमा होतो. त्या अभ्यासातही स्त्रियांच्या बाबतीत आनुवंशिकतेचा प्रभाव बहिर्मुखता आणि चिंताग्रस्तता या स्वभावगुणांमधूनच येत असल्याचे दिसले होते. हे गुण कमी-अधिक असतात आणि ते ज्याच्या-त्याच्या वाट्याला कसे येतात ते आपल्या हाती नसते, हे मान्य केलेच पाहिजे. जीवशास्त्राचा वाटा नाकारून काही साधत नाही. मात्र ‘धंद्याचे जनुक’ नावाची वस्तू शोधणाऱ्यांच्या हाती काय लागले, तेही सांगायला हवे: २०१३ मध्ये ५० हजारांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीची छाननी करूनही स्वयंरोजगाराशी खात्रीने जोडता येईल अशी एकही जनुकीय खूण सापडली नाही. असंख्य खुणांचा अगदी बारीक-बारीक परिणाम एकत्र येत असावा, इतकेच म्हणता आले, आणि तेवढ्यावरून भांडुपच्या एका बाईने गाळा घ्यावा की नाही हे कोणीही सांगू शकत नाही.

संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचेही, असेच आहे. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण आणि जोखीम पत्करणे यांचा स्त्रियांमध्ये काही संबंध असल्याचे २००९ मध्ये शिकागोतील व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासात दिसले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये रजोनिवृत्ती झालेल्या २०० स्त्रियांना चार आठवडे संप्रेरके किंवा निव्वळ बनावट गोळी देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या आर्थिक निर्णयांत काहीही फरक पडला नाही.

याहून मला अधिक मोलाचा वाटतो तो आपल्याच देशात झालेला एक प्रयोग. मेघालयातील खासी समाजात वंश आईच्या नावाने चालतो आणि घराची मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. टांझानियातील मसाई समाज कडक पितृसत्ताक आहे. संशोधकांनी दोन्हीकडे एकच साधा खेळ मांडला. तीन मीटरवर ठेवलेल्या बादलीत टेनिसचा चेंडू टाकायचा आणि पैसे कसे घ्यायचे ते आधीच निवडायचे: प्रत्येक यशस्वी चेंडूमागे ठरलेली रक्कम घ्यायची, किंवा न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा करायची आणि जिंकल्यास तिप्पट घ्यायची. मसाईंमध्ये ५० टक्के पुरुषांनी आणि २६ टक्के स्त्रियांनी स्पर्धा निवडली. खासींमध्ये ५४ टक्के स्त्रियांनी आणि ३९ टक्के पुरुषांनी. खासी स्त्रीचे शरीर, तिची संप्रेरके, तिचे मातृत्व हे इतर कोणत्याही स्त्रीसारखेच आहे. वेगळे आहे ते हे की लहानपणापासून तिने मालमत्ता, बाजार आणि निर्णय बाईच्या हातात पाहिलेले असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर ईशान्य भारतातल्या मुलामुलींवर आणखी काम झाले, आणि त्यात असे आढळले की पितृसत्ताक समाजात मुली स्पर्धेतून मागे सरतात त्या वयात येण्याच्या सुमारास. मातृवंशीय समाजात असा फरक कोणत्याच वयात दिसला नाही. वयात येणे ही घटना शरीराची खरी, परंतु त्या वयात ‘आता जरा बेताने राहा’ असे जे सांगितले जाते ते शरीर सांगत नाही. चेंडू टाकण्याची स्पर्धा म्हणजे दुकान चालवणे नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी तुमच्या स्वभावात काही कमी आहे का, या तुमच्या प्रश्नाला याहून प्रामाणिक उत्तर मला देता येत नाही. जिला हंगामात काम परत पाठवावे लागते, तिच्या स्वभावावर शंका घेण्याचे कारणच काय?

आता जीवशास्त्र जेथे खरोखर तुमच्या निर्णयात येते त्या जागेकडे वळते, आणि ती जागा म्हणजे दुसरे मूल. तुम्ही ३३ वर्षांच्या आहात; तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता हळूहळू आणि पस्तिशीनंतर अधिक वेगाने कमी होत जाते, ही वस्तुस्थिती आहे आणि ती कोणाच्या मताने बदलत नाही. आपल्याकडे १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या स्त्रीला, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत तिने किमान ८० दिवस काम केलेले असल्यास, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या बाईसाठी अशी कोणतीही सोय नाही. तिचा गाळा त्या महिन्यांत बंद राहतो आणि भाडे मात्र चालूच राहते. कायद्याने मातृत्वाला आधार दिला तो नोकरीला जोडून, आणि त्यामुळे व्यवसाय करू पाहणारी बाई ऐन उमेदीच्या वर्षांत उघड्यावर पडते. ही अन्यायाची गोष्ट आहे आणि ती बदलली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. पण तोवर तुम्हाला असलेल्या नियमांतच मार्ग काढायचा आहे. म्हणून दुसरे मूल हवे असे तुम्ही दोघांनी मनापासून ठरवले असेल आणि ते येत्या वर्ष-दोन वर्षांत हवे असेल, तर नोकरी आत्ता सोडू नका. ठरले नसेल, किंवा ‘बघू’ एवढ्यावरच असेल, तर त्या ‘बघू’साठी व्यवसाय खोळंबून ठेवू नका.

बाळंतपण शरीराचे असते, पण त्यानंतरची वर्षे शरीराची नसतात. डेन्मार्कमध्ये पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत कायमची सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते, असे दिसून आले आहे. याचे कारण गर्भारपण असावे असा समज होता, म्हणून संशोधकांनी मूल दत्तक घेतलेल्या कुटुंबांकडे पाहिले, तर तेथेही काही वर्षांनी स्त्रियांची कमाई जवळजवळ तेवढीच मागे पडलेली निघाली. भारतात २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे नोंदवला गेला. तुमच्या घरी हा हिशेब कसा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. मुलीला शाळेतून कोण आणते, संध्याकाळी कुकर कोण लावते, गाळ्यावर रात्री उशिरापर्यंत थांबावे लागले तर तिचा अभ्यास कोण घेईल, ही चर्चा यजमानांशी गाळ्याच्या भाड्याची चर्चा करण्याआधी करा, आणि ‘होईल काहीतरी’ या उत्तरावर समाधान मानू नका.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ मात्र वेगळीच आहे: बचत गटाचे कर्ज यजमानांच्या दुकानात गेले. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण याच प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे डोके खाजवले आहे. श्रीलंकेत लहान व्यावसायिकांना भांडवल म्हणून थोडी रक्कम देण्याचा प्रयोग झाला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पुरुषांच्या व्यवसायांचा नफा चांगला वाढला, स्त्रियांच्या व्यवसायांचा वाढलाच नाही. यावरून कित्येकांनी ठरवून टाकले की बायकांच्या हाती भांडवल दिले तरी ते वाढत नाही. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहिती पुन्हा तपासली, तेव्हा उलगडा झाला. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता, तेथे बाईच्या नावाने आलेला पैसा नवऱ्याच्या धंद्यात जात होता. ज्या घरात व्यवसाय करणारी ती एकटीच होती, तेथे तिचा नफा पुरुषांच्या तोडीचा होता. तुमच्या घरात घडले ते नेमके हेच. मी तुमच्या यजमानांना दोष देत नाही. ज्या दुकानात माल भरायचा आहे तिकडे घरातला पैसा वळणे स्वाभाविक आहे, आणि तुम्हीही ते कर्ज आपखुशीनेच दिले असेल. पण पुढच्या वेळी हे होऊ द्यायचे नसेल, तर केवळ मनाच्या निग्रहावर विसंबू नका, व्यवस्था तशी करा. व्यवसायासाठी वेगळे बँक खाते उघडा, जे फक्त तुम्हीच चालवाल. मुद्रा योजनेत ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंतचे किशोर कर्ज तारणाशिवाय मिळते. मशीनसाठी कर्ज मागताना विक्रेत्याचे दरपत्रक जोडा आणि रक्कम थेट विक्रेत्याला देण्याची विनंती बँकेला करा, म्हणजे ती घरातून फिरून जाणार नाही. आणि महिन्याला स्वतःसाठी ठरलेला पगार काढा. घरखर्चाला त्यातून द्या, गल्ल्यातून देऊ नका.

लेखा विभागात काम करणाऱ्या बाईला हिशेब शिकवण्याचे धारिष्ट्य मी करणार नाही, परंतु स्वतःच्या कामाचा हिशेब आपण इतरांच्या हिशेबाइतका काटेकोर ठेवत नाही, हे मी पाहिले आहे. अस्तराच्या एका कटोरी ब्लाउजला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. माप घेणे आणि गळ्याचा नमुना ठरवताना गिऱ्हाइकाशी होणारे बोलणे, कटिंग, अस्तर जोडणे, कटोरीचे टक्स, गळ्याची पायपिंग, बाह्या. आणि मग जे कोणीच धरत नाही ते, म्हणजे हूक-लूपची हातशिलाई, इस्त्री, आणि गिऱ्हाईक घालून पाहिल्यावर ‘बगलेत जरा सैल करा’ म्हणते तेव्हा उसवून पुन्हा घातलेली टीप. हिंदमाताच्या कापडबाजारात अस्तर आणायला गेलेली दुपारही त्यात धरा. एवढे करून तासाला काय सुटते ते लिहून काढा. माझा अंदाज आहे की तुमचे दर वाढवायला हवेत हे त्यातून तुम्हालाच दिसेल. त्यानंतर, गाळा न घेता, नगावर शिवणारी एक बाई मदतीला घेऊन एक पूर्ण हंगाम करून पाहा: कटिंग आणि फिटिंग तुमच्याकडे, शिलाई तिच्याकडे. पावसाळा आणि पितृपक्ष या मंदीच्या काळातही मदतनिसाची मजुरी, गाळ्याचे संभाव्य भाडे आणि तुमचा पगार वजा करून काही उरते असे दिसले, की नोकरी सोडण्याचा निर्णय घ्या, आणि मग तो लांबवू नका. सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ मध्ये, देशातल्या आस्थापनांपैकी १३.७६ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या होत्या आणि त्यांपैकी पाचांत चारांहून अधिक ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. एकटीने सगळे रेटत राहणे हे आपल्याकडच्या बायकांच्या व्यवसायाचे जुने दुखणे आहे. गाळ्यापेक्षाही ती मदतनीस तुम्हाला पुढे नेईल असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट, जी सल्ला म्हणून फार साधी वाटेल. अहमदाबादच्या ‘सेवा’ बँकेच्या, म्हणजे कष्टकरी स्त्रियांच्या सहकारी बँकेच्या, सभासद स्त्रियांना दोन दिवसांचे व्यवसाय-प्रशिक्षण देण्यात आले. काही जणींना एकटीने बोलावले, काहींना मैत्रिणीला बरोबर आणायला सांगितले. मैत्रिणीसह आलेल्यांनी नंतर व्यवसायासाठी कर्ज अधिक घेतले आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचे उत्पन्नही अधिक होते. ज्या समाजांत बायकांवर बंधने जास्त, तेथे हा फरक जास्त. बँकेत, मशीन पाहायला, गाळामालकाशी बोलायला तुमच्या बचत गटातली एखादी मैत्रीण बरोबर न्या. विरोधाला तोंड देणारे घरात तुम्ही एकट्याच असाल, तर बाहेर तरी एकट्या राहू नका.

दिरांशी पुन्हा बोलण्याची वेळ येईल तेव्हा शास्त्राचा वाद घालू नका. ते विचारतील की भाडे थकले तर काय, गिऱ्हाईक आले नाही तर काय. न्यूयॉर्कमधील नवउद्योजकांच्या स्पर्धेतील प्रश्नोत्तरे तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले होते की भांडवल देणारे पुरुषांना बहुतांशी ‘किती वाढवाल’ असे विचारतात आणि स्त्रियांना ‘किती सांभाळाल’ असे. आणि सांभाळण्याच्या प्रश्नाला ज्यांनी वाढीचे उत्तर दिले त्यांना भांडवल अधिक मिळाले. तेव्हा आजपासून एक वही ठेवा आणि परत पाठवलेले प्रत्येक काम, गिऱ्हाईक आणि रक्कम तिच्यात लिहा. भाड्याचा प्रश्न आला की तीन महिन्यांचे भाडे बाजूला ठेवले आहे एवढे एका वाक्यात सांगा आणि लगेच ती वही पुढे करा: गेल्या हंगामात एवढे काम दारातून परत गेले आणि गाळ्यात ते घेता येईल. मोठ्या दिरांचा मान राखूनच हे बोलता येते, आणि माझ्या मते तसेच बोलावे. त्यांची काळजी खोटी आहे असे मला वाटत नाही, तिचे कारण मात्र त्यांनी चुकीच्या जागी शोधले आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. करार आणि नोंदणी यजमानांच्या नावाने करू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि ती ज्याच्या आधार क्रमांकाने होते तो मालक ठरतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांच्या नादी लागू नका. कर्ज तुम्ही वेळेवर फेडाल तेव्हा पत तयार होईल ती ज्याच्या नावाने कर्ज आहे त्याची, आणि पाच वर्षांनी दुसरा गाळा घेताना बँक तीच पाहील. नोंदणी यजमानांच्या नावाने झाली तर कष्ट तुमचे असूनही कागदावर तुम्ही त्यांच्या दुकानात हातभार लावणाऱ्या ठराल. आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ‘ओळखीतले आहेत, कागद कशाला’ असे गाळामालक म्हणाले तरी ऐकू नका. परवानाधारक, म्हणजे गाळा भाड्याने घेणारी, म्हणून सही तुमची असावी. नोंदणीच्या वेळी दोन साक्षीदार लागतात. त्यांपैकी एक सही यजमानांनी करावी, आणि दिरांची तयारी असेल तर दुसरी त्यांच्याकडूनच घ्यावी.